रोजच्या सुबारू डब्ल्यूआरएक्सची ऑटोक्रॉससाठी मांडणी

मोकळ्या डांबरी किंवा काँक्रीटच्या मैदानावर शंकू मांडून आखलेल्या वळणावळणाच्या मार्गावरून एका वेळी एकच गाडी कमीत कमी वेळेसाठी पळवायची, अशी ऑटोक्रॉसची स्पर्धा अमेरिकेत सर्वाधिक रुजलेली आहे. तिथे १९४४ साली स्थापन झालेला स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे एससीसीए, ही स्पर्धा ‘सोलो’ या नावाने चालवतो. तिची राष्ट्रीय फेरी २००९ पासून नेब्रास्का राज्यातील लिंकन इथे सप्टेंबर महिन्यात भरते. एक फेरी साधारणपणे एका मिनिटाच्या आत संपते, गाडी बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्येच असते आणि पाडलेल्या प्रत्येक शंकूमागे वेळेत दोन सेकंदांची भर पडते. जिथे पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकात अनेकदा काही दशांश सेकंदांचेच अंतर असते, तिथे रोज ऑफिसला नेली जाणारी गाडीही नीट मांडली तर स्पर्धेत उतरू शकते, हे या खेळाचे मोठे आकर्षण आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांच्या दारात बर्फाच्या हिवाळ्यासाठी म्हणून घेतलेली सुबारू उभी असते. तीच गाडी उन्हाळ्यातल्या रविवारी मैदानात कशी न्यावी, याचा क्रमवार विचार या लेखात केला आहे. उदाहरणासाठी २०१५ ते २०२१ या काळातली डब्ल्यूआरएक्स घेतली आहे. दोन लिटरचे टर्बो इंजिन, २६८ अश्वशक्ती, सुमारे दीड टन वजन आणि सहा गिअरचा हाताने बदलायचा गिअरबॉक्स अशी ही गाडी आहे. तिची थोरली बहीण एसटीआय जिथे वेगळी वागते, तिथे तसा उल्लेख केला आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा. चारही चाकांना ताकद मिळते म्हणून गाडी वळणात अधिक चिकटून राहते, असे अनेकांना वाटते, पण ते खरे नाही. ब्रेक लावताना आणि वळणाच्या मध्यावर ही यंत्रणा फारशी मदत करत नाही, कारण तिथे पकड फक्त टायर आणि त्यांच्यावर पडणारे वजन यांतून येते. तिचा फायदा दिसतो तो वळणातून बाहेर पडताना. पण तिथेही पुढच्या टायरना एकाच वेळी गाडी वळवायचीही असते आणि ओढायचीही असते, आणि टायरची पकड मर्यादित असल्यामुळे ताकद वाढली की वळण्यासाठी उरलेली पकड घटते. त्यातच डब्ल्यूआरएक्सचे इंजिन पुढच्या धुरीच्याही पुढे बसवलेले असल्यामुळे जवळजवळ साठ टक्के वजन पुढे असते. परिणामी स्टिअरिंग वळवूनही गाडीचे नाक बाहेर सरकत राहते, म्हणजेच अंडरस्टिअर होतो. पुढे सांगितलेला प्रत्येक बदल हे नाक आत वळावे आणि चालकाला ॲक्सिलरेटर लवकर दाबता यावा यासाठीच आहे. इंजिनाची ताकद वाढवणे या कामात सर्वांत शेवटी येते, आणि पहिल्या दोन हंगामांत तर त्याची गरजच नसते.

पहिली पायरी: वर्ग ठरवणे

कोणताही भाग विकत घेण्याआधी एससीसीएचे चालू वर्षाचे सोलो नियमपुस्तक डाउनलोड करून त्यातला ‘स्ट्रीट’ हा विभाग शांतपणे वाचावा. तिथे ज्या बदलाला स्पष्ट परवानगी दिलेली नाही, तो बदल करता येत नाही. स्ट्रीट विभागात साधारणपणे पुढील गोष्टींना मुभा असते. २०० किंवा त्याहून अधिक ट्रेडवेअर आकडा (टायरचा रबर किती टिकाऊ आहे हे सांगणारा आकडा) असलेले टायर वापरता येतात. चाकाची रुंदी मूळचीच ठेवावी लागते, पण व्यास एक इंच कमी-जास्त करता येतो. शॉकॲब्सॉर्बर बदलता येतात, मात्र त्यांना समायोजनाचे दोनपेक्षा अधिक नॉब असून चालत नाहीत. पुढचा किंवा मागचा यांपैकी एकच स्वे बार, म्हणजे वळणात गाडीचे झुकणे रोखणारा दांडा, बदलता येतो. ब्रेक पॅड, एअर फिल्टरचा आतला भाग आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा एक्झॉस्ट यांनाही सूट आहे. स्प्रिंग, गाडीची उंची आणि इंजिनाचा संगणक यांना मात्र हात लावता येत नाही. डब्ल्यूआरएक्सच्या मालकांमध्ये इंजिनाचे ट्यूनिंग करून घेण्याची हौस मोठी असते, परंतु तेवढ्या एका बदलामुळे गाडी थेट अधिक मोकळ्या वर्गात ढकलली जाते आणि तिथे तिची गाठ स्प्रिंगपासून चाकांपर्यंत सर्व काही बदललेल्या गाड्यांशी पडते. गाडी जुनी विकत घेतली असेल, तर आधीच्या मालकाने संगणक बदलून घेतला होता का, हे तपासून तो मूळ स्थितीत आणून घ्यावा.

दुसरी पायरी: गाडी निरोगी असल्याची खात्री

हे काम कंटाळवाणे वाटले तरी टाळता येणारे नाही. चाकांचे बेअरिंग, कंट्रोल आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉड यांत ढिलाई नसावी. बॅटरी घट्ट बांधलेली असावी आणि ब्रेक फ्लुइड ताजे असावे. सुबारूच्या इंजिनात लांबलचक वळणात तेल एका बाजूला जमा होते, म्हणून डिपस्टिकवर तेलाची पातळी वरच्या खुणेजवळ ठेवावी आणि स्पर्धेच्या दिवशी सकाळी ती पुन्हा पाहावी. २.५ लिटरचे इंजिन असलेल्या एसटीआयच्या बाबतीत ही सवय इंजिन वाचवणारी आहे. पेट्रोलचेही असेच आहे. वजन कमी करण्यासाठी टाकी जवळजवळ रिकामी ठेवण्याचा मोह होतो, पण ही टाकी मधून खोगिरासारखी दुमडलेली असल्यामुळे इंधन फार कमी असेल तर जोरदार वळणात पंपाला ते मिळत नाही आणि इंजिन नेमक्या क्षणी दम तोडते. पाव टाकीच्या थोडे वर इंधन ठेवणे हा समंजस मध्यम मार्ग आहे.

तिसरी पायरी: टायर

खर्च करायला एकाच गोष्टीपुरते पैसे असतील, तर ते टायरवर खर्च करावेत. साध्या उन्हाळी टायरवरून ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई-७१आरएस, योकोहामा ॲडव्हान ए०५२ किंवा फाल्कन अझेनिस आरटी६६० अशा स्पर्धायोग्य टायरवर गेल्यावर वेळेत जो फरक पडतो, तो इतर सर्व सुट्या भागांनी मिळूनही पडत नाही. यांपैकी ए०५२ थंड असतानाच चिकटू लागतो, म्हणून एकच चालक असलेल्या गाडीला आणि गार हवामानाला तो मानवतो. परंतु दोन चालक एकाच गाडीत आलटूनपालटून धावत असतील तर तो लवकर तापतो आणि दोन फेऱ्यांमध्ये त्यावर पाणी फवारावे लागते. आरई-७१आरएसला थोडी उष्णता हवी असते आणि ती मिळाली की तो दिवसभर एकसारखा वागतो. पहिल्या हंगामासाठी एकसारखे वागणारा टायर निवडावा, कारण शिकणाऱ्या चालकाला प्रत्येक फेरीत तीच गाडी मिळणे फार महत्त्वाचे असते.

मूळ चाके १७ इंच व्यासाची आणि ८ इंच रुंदीची असतील, तर त्यांवर २४५/४०-१७ हा आकार चांगला बसतो. त्याहून रुंद २५५चा टायरही अनेक स्पर्धक बसवतात, मात्र आठ इंची चाकावर तो थोडा चिमटला जातो आणि त्याची बाजू अधिक लवचिक वाटते.

चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत टायरच्या बाबतीत एक जादा बंधन असते. चारही टायरचा घेर जवळजवळ सारखाच असावा लागतो आणि सुबारूने त्यासाठी पाव इंचाची मर्यादा सांगितलेली आहे. पुढचे टायर झिजलेले आणि मागचे नवे असतील तर पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांच्या वेगात सतत फरक राहतो. तो फरक झेलता झेलता दोन्ही धुऱ्यांना जोडणारी मधली व्हिस्कस कपलिंग तापते आणि कालांतराने निकामी होते. म्हणून टायर नेहमी चारच्या संचानेच घ्यावेत. ऑटोक्रॉसमध्ये पुढचे टायर कितीतरी जलद झिजतात, तेव्हा दर एक-दोन स्पर्धांनंतर पुढचे मागे आणि मागचे पुढे करावेत, आणि बाहेरची कड खाल्ली जात असेल तर टायर चाकावरून काढून उलटे बसवता येतात का, ते पाहावे. रोजच्या वापरासाठी वेगळी चाके ठेवणे शक्य असेल तर हे सर्व सोपे होते. चाके बदलल्यावर नट टॉर्क रेंचनेच, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत आवळावेत आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासावेत.

चौथी पायरी: अलाइनमेंट

डब्ल्यूआरएक्सच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र असलेले खांब आहेत. अशा रचनेत गाडी वळणात झुकली की बाहेरचे चाकही तिच्याबरोबर बाहेर झुकते आणि टायर आपल्या बाहेरच्या खांद्यावर धावू लागतो. मधला आणि आतला रबर जमिनीवर नीट टेकतच नाही. उभ्या गाडीतच चाकाचा वरचा भाग आत कलवून ठेवणे, म्हणजे ऋण कॅम्बर देणे, हा त्यावरचा उपाय आहे. स्ट्रट आणि नकल (चाक ज्यावर बसते तो भाग) यांना जोडणाऱ्या दोन बोल्टपैकी वरचा बोल्ट कारखान्यातूनच विकेंद्री आकाराचा येतो आणि तो फिरवून साधारण एक ते दीड अंश ऋण कॅम्बर मिळतो. मिळेल तेवढा सर्व घ्यावा, पण दोन्ही बाजूंचा आकडा सारखा ठेवावा. एका बाजूला दीड आणि दुसऱ्या बाजूला एक अंश मिळत असेल, तर पुढचा सबफ्रेम (सस्पेन्शन ज्याला जोडलेले असते तो सांगाडा) सैल करून किंचित सरकवल्यास दोन्ही बाजू जुळवता येतात. अलाइनमेंटच्या दुकानदाराला हे काम आधी समजावून सांगावे आणि त्याचे वेगळे पैसे द्यायची तयारी ठेवावी, कारण नेहमीच्या दरात कोणी एवढा वेळ देत नाही.

कॅम्बर बदलला की टो, म्हणजे वरून पाहताना चाकांची पुढची टोके आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते, बदलतो, म्हणून आधी कॅम्बर आणि मग टो असाच क्रम असावा. पुढे एकूण एक अष्टमांश इंचापर्यंत टो-आउट दिल्यास गाडी स्टिअरिंगच्या पहिल्या हालचालीला तत्पर प्रतिसाद देते. मात्र रोज लांबचा हायवे प्रवास असेल, तर याच टो-आउटमुळे टायरची आतली कड काही महिन्यांत संपते आणि अशा वेळी शून्य टो ठेवणे शहाणपणाचे ठरते. मागे कॅम्बर पुढच्यापेक्षा थोडा कमी आणि टो शून्य किंवा अगदी किंचित आत असावा. मागे टो-आउट देऊन गाडी फिरवण्याचा मार्ग काही जण सुचवतात. रोज कुटुंबाला घेऊन पावसात जाणाऱ्या गाडीत तो पत्करू नये, कारण ओल्या रस्त्यावर अचानक ब्रेक लागल्यावर तिची मागची बाजू चालकाला न विचारता बाहेर येते. अलाइनमेंट करताना चालकाच्या आसनावर चालकाइतके वजन ठेवून आणि टाकीत स्पर्धेच्या दिवशी असेल तेवढेच इंधन ठेवून मोजमाप घ्यावे.

पाचवी पायरी: स्वे बार आणि शॉकॲब्सॉर्बर

नियमानुसार एकच बार बदलता येत असल्यामुळे पुढचा की मागचा, हा वाद सुबारू चालवणाऱ्यांत कायम चालू असतो, आणि दोन्ही बाजूंना सबळ कारणे आहेत. पुढचा बार जाड केला तर गाडी कमी झुकते, स्ट्रटमुळे वाया जाणारा कॅम्बर वाचतो आणि डावीकडून उजवीकडे झटपट वळावे लागणाऱ्या रांगेत, म्हणजे स्लॅलममध्ये, गाडी चपळ वाटते. पण त्यामुळे वळणात आतल्या बाजूचे पुढचे चाक हलके होते. डब्ल्यूआरएक्सचा पुढचा डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) साधा, म्हणजे ओपन प्रकारचा असल्यामुळे ते हलके चाक बाहेर पडताना नुसते गरगर फिरते आणि पुढच्या धुरीची ताकद हवेत जाते. मागचा बार जाड केला तर वजनाच्या आडव्या सरकण्याचा अधिक वाटा मागची धुरी उचलते, पुढची दोन्ही चाके जमिनीवर अधिक समान दाबली जातात आणि नाक आत यायला मदत होते. त्याची किंमत अशी की, ब्रेक लावत वळणात शिरताना मागची बाजू सैल वाटते.

माझे मत असे आहे की डब्ल्यूआरएक्ससाठी समायोजन करता येणारा मागचा बार घ्यावा आणि तो सर्वांत मऊ छिद्रावर लावून सुरुवात करावी. एसटीआयची गोष्ट वेगळी आहे. तिच्या पुढच्या धुरीत हेलिकल प्रकारचा मर्यादित घसरणीचा डिफरन्शियल आहे, त्यामुळे आतले चाक हलके झाले तरी ताकद बाहेरच्या चाकाकडे जाते आणि तिथे पुढचा बार अधिक फायदेशीर ठरू शकतो. अर्थात चाक जमिनीवरून पूर्ण सुटले तर हेलिकल डिफरन्शियलही हतबल होतो, म्हणून तिथेही अतिरेक नको.

शॉकॲब्सॉर्बर हा स्ट्रीट वर्गातला सर्वांत महागडा आणि सर्वांत कमी समजून घेतला गेलेला बदल आहे. स्प्रिंग बदलता येत नसल्यामुळे गाडी किती झुकेल हे शॉक ठरवत नाहीत, पण ती किती वेगाने झुकेल, हे तेच ठरवतात. ऑटोक्रॉसमध्ये एक वळण संपण्याआधीच दुसरे सुरू होत असल्याने हा वेगच निर्णायक असतो. चालकाने ॲक्सिलरेटर दाबताच वजन मागे सरकते, नाक वर उठते आणि पुढचे टायर हलके होऊन गाडी बाहेर जाते. पुढच्या शॉकची प्रसरणाची गती मंद करणे, म्हणजे रिबाउंड कडक करणे, यामुळे नाक सावकाश उठते आणि पुढच्या टायरवरचा भार वळणातून बाहेर पडेपर्यंत थोडा अधिक काळ टिकतो. मागच्या शॉकचा दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, थोडा वाढवला तर मागची बाजू बसण्याचा वेगही कमी होतो. नॉब एका वेळी एक किंवा दोन खटकेच फिरवावा. रिबाउंड प्रमाणाबाहेर वाढवला तर खडबडीत डांबरावर चाक खड्ड्यामागे खाली पोहोचतच नाही, टायर उड्या मारू लागतो आणि पकड सुधारण्याऐवजी बिघडते. दोन नॉबचे शॉक परवडत नसतील, तर फक्त रिबाउंड बदलता येणारे एका नॉबचे शॉक स्थानिक स्पर्धांसाठी पुरेसे असतात.

ब्रेकच्या बाबतीत थोडक्यात सांगता येईल. इतक्या छोट्या फेरीत ब्रेक तापत नाहीत, त्यामुळे रेसट्रॅकसाठीचे पॅड इथे उलट नुकसान करतात, कारण ते थंड असताना धरत नाहीत. थंडीतही पहिल्या दाबाला पकडणारे रस्त्यावरचे चांगले पॅड आणि ताजे डॉट ४ फ्लुइड एवढे पुरेसे आहे.

सहावी पायरी: मैदानावरची मांडणी

सकाळी तांत्रिक तपासणीआधी गाडी पूर्ण रिकामी करावी. चालकाच्या पायाखालची चटई, पाण्याच्या बाटल्या, चार्जर, डिकीतली हत्यारे असे सुटे काहीही आत राहू देऊ नये. हेल्मेट चालू नियमपुस्तकात मान्य असलेल्या स्नेल या सुरक्षा-चाचणी संस्थेच्या प्रमाणपत्राचे असावे.

हवेच्या दाबाची सुरुवात पुढे ३६ आणि मागे ३३ पीएसआयच्या आसपास करावी. टायरच्या खांद्यावर खडूने आडव्या रेषा ओढाव्यात आणि फेरीनंतर त्या कुठपर्यंत पुसल्या गेल्या, हे पाहावे. खडू खांद्याच्या खुणेच्याही खाली पुसला गेला असेल तर टायर लोळतो आहे, म्हणून हवा वाढवावी, आणि ट्रेडच्या कडेवरही खडू शिल्लक असेल तर हवा थोडी काढावी. प्रत्येक फेरीनंतर टायर तापून दाब दोन-तीन पीएसआयने चढतो, तेव्हा दोन फेऱ्यांच्या मध्ये तो मोजून ठरवलेल्या आकड्यावर आणावा. बारला हात लावण्याआधी गाडीचा समतोल हवेनेच सुधारून पाहावा. नाक बाहेर जात असेल तर मागची हवा दोन पीएसआयने वाढवून पाहणे हा फुकटचा प्रयोग आहे.

गाडी चालू केल्यावर स्थैर्य नियंत्रणाचे बटण काही सेकंद दाबून ठेवून ती यंत्रणा पूर्ण बंद करावी आणि इंजिन बंद करून पुन्हा चालू केल्यावर ती आपोआप सुरू होते, हे लक्षात ठेवून प्रत्येक फेरीआधी हे काम करावे. स्टिअरिंग आणि ॲक्सिलरेटर एकत्र वापरले जाताच ती इंजिनाची ताकद कापते, त्यामुळे ती चालू असताना गाडीच्या मांडणीबद्दल काढलेला कोणताही निष्कर्ष विश्वासार्ह नसतो. एसटीआयमध्ये मधला डिफरन्शियल चालकाला हाताने बदलता येतो. कोरड्या मैदानावर तो सर्वांत मोकळ्या बाजूला ठेवल्यास ताकदीचे प्रमाण पुढे ४१ आणि मागे ५९ टक्के असे राहते आणि गाडी मोकळेपणी वळते. पाऊस असेल तर तो हळूहळू घट्ट करत जावा. रांगेत थांबलेले असताना बॉनेट उघडे ठेवावे, कारण इंटरकूलर थेट इंजिनावर बसवलेला असल्याने उन्हात तो तापतो आणि पुढच्या फेरीत इंजिन सुस्त वाटते.

सुरुवातीच्या रेषेवर चार-पाच हजार आरपीएमवर क्लच सोडण्याचा आग्रह धरू नये. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत जास्तीची ताकद टायर फिरवून बाहेर पडते. इथे चारही टायर पकडून ठेवतात, म्हणून तोच धक्का क्लच आणि गिअरबॉक्स यांना सोसावा लागतो. शिवाय वेळ मोजणारी पहिली किरणरेषा बहुधा सुरुवातीच्या जागेपासून काही अंतर पुढे असते, त्यामुळे त्या जोरदार सुटण्याने मिळणारा लाभ अगदी थोडा असतो.

मार्गावर पायी फिरताना प्रत्येक वळण बाहेर पडण्याच्या जागेपासून उलट वाचत यावे. ही गाडी वळणात थोडी हळू शिरवावी, नाक आत येईपर्यंत संयम ठेवावा आणि ते आले की स्टिअरिंग सरळ करत करत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. टर्बोला दाब भरायला क्षणभर लागतो, म्हणून पाय त्या क्षणाआधी जायला हवा. स्लॅलममध्ये डाव्या पायाने हलका ब्रेक धरून उजवा पाय ॲक्सिलरेटरवर ठेवल्यास दाब टिकतो, परंतु हे तंत्र रिकाम्या मैदानावर आधी सरावाने अंगवळणी पाडावे.

नोंदी आणि पुढचा टप्पा

प्रत्येक फेरीची वेळ, चारही टायरचा फेरीआधीचा आणि नंतरचा दाब, शॉकचे खटके, तापमान आणि गाडी कोणत्या वळणात कशी वागली याची एक ओळ, एवढे वहीत लिहावे. एका दिवशी एकच गोष्ट बदलावी. पहिल्या दोन फेऱ्यांत चालकाची वेळ मार्ग कळल्यामुळेच सुधारते, म्हणून मांडणीतल्या बदलाचा परिणाम तिसऱ्या फेरीनंतरच तपासावा आणि शक्य असेल तर शेवटी पुन्हा जुन्या मांडणीवर येऊन फरक खरा होता का, याची खात्री करावी. वेगवेगळ्या वर्गांची तुलना करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पॅक्स निर्देशांकाने गुणलेली वेळही लिहून ठेवावी. मार्ग दर वेळी बदलत असल्याने स्वतःची प्रगती जुन्या वेळांशी ताडता येत नाही, पण त्याच दिवशीच्या अनुभवी चालकांच्या तुलनेत ती दिसते.

पुढचे टायर बाहेरच्या खांद्यावरच संपत आहेत, हवा आणि शॉक यांनी मिळण्यासारखे सर्व मिळाले आहे आणि चालकाच्या फेऱ्या एकमेकींच्या काही दशांश सेकंदांत येऊ लागल्या आहेत, अशी स्थिती आली की स्ट्रीट टूरिंग विभागाचा विचार करावा. तिथे कॅम्बर प्लेट (स्ट्रटच्या वरच्या टोकाला बसवून कॅम्बर बदलू देणारी पट्टी), कडक स्प्रिंग आणि रुंद चाके यांना परवानगी आहे. पुढे तीन अंशांच्या आसपास कॅम्बर मिळाला की ही गाडी ओळखू न येण्याइतकी तत्परतेने वळते. मात्र कॅम्बर प्लेटमधून रस्त्याचा खडखडाट थेट आत येतो आणि आतली कड झपाट्याने झिजते, म्हणून रोजच्या प्रवासासाठी दुसरी गाडी घरात असेल तरच हा टप्पा घ्यावा, आणि घेतल्यास प्लेट, स्प्रिंग व त्यांना जुळणारे शॉक एकाच वेळी घ्यावेत, कारण स्ट्रीटसाठी घेतलेले शॉक दुप्पट कडक स्प्रिंगला आवरू शकत नाहीत.